‘लुक्ड’च्या पुढचं ‘इन्टू’ कुठं गेलं?

एका ताईंचं पत्र आलंय, ते थोडं आटोपशीर करून देते आहे.

“मॅडम, नमस्कार. मी नागपूरला अमरावती रोडवर, वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत डिस्पॅचचं काम पाहते. शिक्षण बारावीपर्यंत, मराठी माध्यमातून. मागच्या महिन्यात एका पार्टीची तक्रार आली, तिला मी उत्तर पाठवलं, ‘युवर कम्प्लेंट इज बीइंग लुक्ड बाय अवर टीम.’ साहेबांनी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं अन् विचारलं, टीम काय तक्रारीकडे टक लावून बघून राहिली का? सगळे हसले. चौकशी करणे म्हणजे ‘लुक इन्टू’, त्यातलं ‘इन्टू’ राहिलं होतं, हे मला नंतर कळलं. पण शाळेत सर सांगायचे, वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन, म्हणजे ‘इन्टू’सारखा छोटा शब्द, येऊ द्यायचं नाही. अन् ‘इन्टू बाय’ असे दोन शब्द एकाला एक लावून लिहायला माझा हात धजला नाही. पंधरा दिवसांनी ‘द ट्रक वॉज ब्रोकन डाउन निअर कोंढाळी’ असं लिहिलं. या वेळी छोटा शब्द बरोब्बर ठेवला, तरी चूकच निघाली. तो शब्द कुठं ठेवावा अन् कुठं पॅसिव्हच करू नये, समजून नाही राहिलं. बर्डीवर एक क्लास आहे, तीन महिन्यांचे बारा हजार सांगतात. लावू का? मुलगा सातवीत आहे, इंग्रजी शाळेत. आता तोही हसतो.”

ताई, आधी तुमच्या साहेबांचं बघू. टक लावून बघण्याला इंग्रजीत ‘लुक ॲट’ लागतं. तुम्ही ‘ॲट’ लिहिलंच नव्हतं, तरी त्यांना ते तिथं दिसलं. म्हणजे नुसत्या ‘लुक्ड बाय’ला काहीच अर्थ नाही, हे त्यांच्याही ध्यानात आलं नाही; त्यांनी मनातल्या मनात एक प्रीपोझिशन टाकून घेतलं आणि त्यावर विनोद केला. हे त्यांना ऐकवा असं मी म्हणत नाही. तुमच्यापाशी असू द्या.

आता तुमची चूक. ती इंग्रजी कच्चं असल्यामुळे झाली नाही. मराठी पक्कं आहे म्हणून झाली, आणि मराठी घरातल्या जवळजवळ प्रत्येकाकडून ती एकदा तरी होते. पोरं गोपाळवर हसली, या वाक्यात ‘वर’ कुणाला चिकटलाय? गोपाळला. आपली सगळी शब्दयोगी अव्ययं अशीच नामाच्या पाठीवर बसतात. कडे, वर, साठी, मागे, कोणतंही घ्या. नाम उचललं की तेही सोबत उचललं जातं. ‘गोपाळवर हसलं गेलं’ असं केलं तरी गोपाळ वाक्याच्या सुरुवातीला आपला ‘वर’ घेऊनच येतो. तो मागे सोडून यायची सोयच मराठीत नाही.

इंग्रजीत ‘द बॉइज लाफ्ड ॲट गोपाळ’ असं म्हणतो तेव्हा दिसायला ‘ॲट’ गोपाळच्या शेजारी असतो, पण पॅसिव्ह, म्हणजे आपला कर्मणी प्रयोग, करायला घेतलं की त्याचा खरा घरोबा कुणाशी आहे ते कळतं. गोपाळ एकटाच पुढे येतो आणि ‘ॲट’ मागे ‘लाफ्ड’जवळ राहतो: ‘गोपाळ वॉज लाफ्ड ॲट.’ हसणारे कोण ते सांगायचं असेल तर त्याच्यापुढे ‘बाय द बॉइज’. ‘ॲट बाय’ अशी दोन छोट्या शब्दांची टक्कर झालेली दिसते, तिथंच आपला मराठी हात थबकतो. आपल्याला वाटतं, हा ‘ॲट’ ज्याचा होता तो तर पुढे निघून गेला, मग हा पोरका इथं काय करतो? म्हणून आपण त्याला पुसतो. तुम्हीही तेच केलंत. एक करून बघा. ‘बाय’पासून पुढचं सगळं बोटानं झाका. जे उरलं ते आपल्या पायावर उभं राहतं का? ‘युवर कम्प्लेंट इज बीइंग लुक्ड’ – नाही राहत, लंगडतं. ‘लुक्ड इन्टू’ – राहतं. आता बोट काढा.

तो ‘ॲट’ आपल्याला नीट ऐकूही येत नाही, हे आणखी एक कारण. बोलताना जोर ‘लाफ्ड’वर असतो आणि ‘ॲट’ पुटपुटल्यासारखा निसटून जातो. ‘कॉल्ड ऑफ’मध्ये उलट आहे, तिथं ‘ऑफ’वर चांगला ठासून जोर येतो. म्हणूनच ‘द मीटिंग वॉज कॉल्ड ऑफ’ मधला ‘ऑफ’ सहसा कुणी विसरत नाही; विसरतात ते ‘ॲट’, ‘फॉर’, ‘इन्टू’, ‘विथ’.

तुमच्या सरांच्या नियमाबद्दल. वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन नको, हा हट्ट फार जुना आहे. कवी जॉन ड्रायडननं 1672 मध्ये बेन जॉन्सनच्या लेखनातल्या अशा शेवटांवर बोट ठेवलं होतं. तेव्हापासून ही समजूत मास्तरामास्तरांतून फिरत फिरत वाडीपर्यंत आली. इंग्रज माणूस मात्र आधीही वाक्य असं संपवत होता, नंतरही संपवत राहिला. पॅसिव्हमध्ये तर इलाजच नाही. ‘द बेड हॅज बीन स्लेप्ट इन’ यातला ‘इन’ काढून तुम्ही ठेवणार कुठं? सरांनी हा नियम चांगल्या मनानं सांगितला असणार. पण तो आता सोडून द्या.

आणि हे सगळं अवघड वाटतं याची लाज नको. सॅम्युएल जॉन्सननं 1755 मध्ये आपला इंग्रजी शब्दकोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच त्यानं लिहून ठेवलंय की क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ पालटायची ही जी इंग्रजीची रीत आहे, ती परक्या माणसाला सगळ्यात जड जाते. कोशकारच असं म्हणतो, तिथं साहेबांचं काय घेऊन बसलात!

आता जरा तुमच्या कामातलं. मालवाहतुकीत या छोट्या शब्दावर पैसे अडकतात. ‘बिल भरलं’ म्हणजे ‘द बिल हॅज बीन पेड’, इथं छोटा शब्द नको. पण ‘मालाचे पैसे दिले’ म्हणजे ‘द गुड्स हॅव बीन पेड फॉर’. कळमन्यातून उचललेल्या संत्र्यांच्या क्रेटबद्दल तुम्ही पार्टीला ‘द ऑरेंजेस हॅव बीन पेड’ लिहिलंत, तर त्याचा सरळ अर्थ संत्र्यांनाच पैसे मिळाले असा होईल. संत्र्यांचं सोडा, तिथं वाचणारा समजून घेईल. ड्रायव्हरच्या बाबतीत घोळ होतो. ‘द ड्रायव्हर वॉज पेड’ म्हणजे ड्रायव्हरच्या हातात पैसे पडले. ‘द ड्रायव्हर वॉज पेड फॉर’ म्हणजे त्याचा खर्च, ढाब्यावरचं जेवण म्हणा की लॉजचं भाडं, दुसऱ्या कुणी भागवला. दोन्ही वाक्यं व्याकरणात बरोबर आहेत आणि दोन्हींचा हिशेब वेगळा आहे. असंच ‘साइन’चं. कागदावर सही झाली तर ‘द चलान वॉज साइन्ड’. माल सही करून कुणी ताब्यात घेतला तर ‘द पार्सल वॉज साइन्ड फॉर’. पार्सलवर कुणी सही करत नाही, पार्सलसाठी करतो. मराठीत ‘साठी’ पार्सलला लागला, इंग्रजीत ‘फॉर’ सहीजवळ थांबला. दोन पेट्यांचा हिशेब लागत नसेल तर ‘टू बॉक्सेस आर नॉट अकाउंटेड फॉर’. हे एवढं वाक्य तुमच्या खात्यात आठवड्याला एकदा तरी लागत असेल.

हे शब्द क्रियापदाला किती घट्ट चिकटतात ते बघायचं असेल तर ‘अनकॉल्ड फॉर’ घ्या. ‘कॉल्ड’ आणि ‘फॉर’ इतके एकजीव झाले की ‘अन’ हा नकार दोघांना मिळून एकच लागला. अर्थ विनाकारण, गरज नसताना केलेला. त्या दिवशीचं ऑफिसमधलं हसणं अनकॉल्ड फॉर होतं, असं म्हणता येईल.

शाळेत फ्रेजल व्हर्ब, म्हणजे अशी छोटा शब्द जोडलेली क्रियापदं, शिकवताना एका गोष्टीवर फार वेळ जातो: कर्म मध्ये घालता येतं की नाही. ‘कॉल द मीटिंग ऑफ’ चालतं, ‘कॉल ऑफ द मीटिंग’ही चालतं, ‘लुक इन्टू इट’ चालतं, ‘लुक इट इन्टू’ चालत नाही. पोरं पाठ करून करून थकतात. पॅसिव्हमध्ये ही सगळी कटकट एका झटक्यात संपते, कारण मध्ये घालायचं जे होतं तेच उठून वाक्याच्या तोंडाशी गेलेलं असतं. मागे उरलेले दोघे आपोआप शेजारी बसतात. तीन शब्दांचं असेल तर तिघंही. नागपुरात 2013 मध्ये जकात गेली तेव्हा तुमच्या लाइनीतल्या माणसांनी सुटकेचा श्वास टाकला असेल. ते इंग्रजीत सांगायचं तर ‘ऑक्ट्रॉय वॉज डन अवे विथ’. शेवटचा ‘विथ’ कितीही लोंबकळल्यासारखा दिसला तरी तो तिथंच राहतो.

तुमचा कोंढाळीचा ट्रक मात्र निराळी गोष्ट आहे. तिथं तुम्ही ‘डाउन’ ठेवलात ते ठीकच केलंत. चूक त्याच्या आधीच्या ‘वॉज’मध्ये आहे. त्या दिवशी ड्रायव्हरनं तुम्हाला फोनवर काय सांगितलं असेल? “मॅडम, गाडी बंद पडली.” बंद पडली, बंद पाडली नाही. पडणे आणि पाडणे यातला फरक तुम्हाला कुणी शिकवावा लागला नव्हता. गाडी पडते ती आपलीआपण. तिच्यामागे कर्म नाही. पॅसिव्ह करणं म्हणजे मागच्याला उचलून पुढे आणणं, इथं मागे कुणी बसलेलंच नाही, तर आणणार कुणाला? म्हणून ‘द ट्रक ब्रोक डाउन निअर कोंढाळी’. बस्स. तेच पोलिसांनी दार तोडून पाडलं असेल तर ‘द डोअर वॉज ब्रोकन डाउन’ अगदी बरोबर, कारण पाडणारे आहेत आणि पडलेलं दारही आहे. ‘ब्रोकन-डाउन ट्रक’ असं विशेषण म्हणून म्हणतात, त्यानंही कानाला फसवलं असेल. रस्त्याच्या कडेला उभी असलेली बिघडकी गाडी, एवढाच त्याचा अर्थ. ती कधी बिघडली हे सांगायचं असेल तर ‘ब्रोक डाउन’.

बर्डीवर मोर्च्यामुळे दुकानं बंद पाडली तर ‘द शॉप्स वेअर शट डाउन’. विमान उडालं तर ‘टुक ऑफ’, बूट काढून ठेवले तर ‘वेअर टेकन ऑफ’. डिझेल संपलं तर ‘द डिझेल रॅन आउट’. ‘वॉज रन आउट’ लिहिलंत तर तुमचं डिझेल जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर दोन विकेटांमध्ये सापडलं असं होईल. तिथं ‘ही वॉज रन आउट’ बरोबर आहे, कारण समोरच्या टीममधल्या कुणीतरी चेंडू मारून त्याला बाद केलेलं असतं. शब्द तेच दोन. एका ठिकाणी करणारा आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. आणि रजेच्या अर्जात जे हमखास येतं, ‘माय ग्रँडफादर वॉज पास्ड अवे’, ते वाचून मला दरवेळी वाटतं की आजोबांना कुणीतरी पाठवूनच दिलं. ‘पास्ड अवे’ एवढंच लिहा. आजोबा वारले, त्यांना कुणी वारवलं नाही.

एक अट सांगून ठेवते, नाहीतर उद्या तुम्ही मलाच पकडाल. ‘हसणे’ही मराठीत अकर्मकच, मग ‘लाफ ॲट’चं पॅसिव्ह कसं झालं? तर ‘ॲट’च्या पुढे गोपाळ बसलेला होता म्हणून. छोट्या शब्दाच्या पुढे नाम आहे की नाही, हे आधी बघायचं. नसेल तर पॅसिव्हचा विचारच सोडायचा. आणि नाम असलं तरी एकदा थांबायचं. ‘अ डिसिजन वॉज अराइव्ड ॲट’ हे छान इंग्रजी आहे. ‘नागपूर वॉज अराइव्ड ॲट बाय द ट्रक’ हे कुणी म्हणणार नाही. का? निर्णय आपण येऊन पोचेपर्यंत नव्हता, आपल्या येण्यानं तो झाला. नागपूर आधीपासून आहे. झिरो माइलचा खांब जागचा हलला नाही. तुमचा ट्रक आला काय अन् नाही काय, त्याला काय फरक पडून राहिला? ज्याच्यावर क्रियेचा काही परिणाम दिसतो त्यालाच इंग्रजी असं पुढच्या खुर्चीत बसवते. मघाचं ‘स्लेप्ट इन’वालं अंथरूण चालतं, कारण चादर चुरगळलेली असते.

माझीही एक सांगते, म्हणजे तुम्हाला एकटं वाटणार नाही. नोकरीची पहिली दोन वर्षं असतील. शाळेचं स्नेहसंमेलन, सूत्रसंचालन माझ्याकडे. पाहुणे आले तीन तास उशिरा, मे महिना नव्हता एवढंच नशीब. मी माइकवर म्हणाले, ‘अवर चीफ गेस्ट वॉज ईगरली वेटेड बाय ऑल ऑफ अस.’ पहिल्या रांगेत बसलेल्या मुख्याध्यापकांनी तिथंच मान खाली घातली. ‘वेट’ला ‘फॉर’ लागतो, नाहीतर ‘अवेटेड’ म्हणायला हवं होतं. मी दोन्हींच्या मध्ये कुठंतरी आपटले. पाहुण्यांना काही कळलं नाही, ते हार घेऊन बसले. मला मात्र आजही वाट बघायची वेळ आली की तो ‘फॉर’ आठवतो.

तुमच्या तक्रारीच्या ईमेलकडे परत येऊ, कारण तिथं व्याकरणापलीकडचं काहीतरी आहे. ‘युवर कम्प्लेंट इज बीइंग लुक्ड इन्टू’ एवढंच पुरे; ‘बाय अवर टीम’ लिहायची गरज नाही, तुमची टीम नाही तर दुसरं कोण बघणार? ‘बाय’ उडवलंत की ती टक्करही उरत नाही. पण हे वाक्य मराठीत आणून बघा: “आपल्या तक्रारीची चौकशी करण्यात येत आहे.” हे तुम्ही कुठं कुठं वाचलंय? महानगरपालिकेच्या पत्रात, वीज गेल्यावर येणाऱ्या मेसेजात. करण्यात येत आहे. कोण करतंय, कधीपर्यंत, काही पत्ता नाही. पॅसिव्हचा हा गुण कचेऱ्यांना फार आवडतो. तक्रार नुकतीच आली असेल, अजून काही माहीत नसेल, तर हे वाक्य योग्यच. पण चार दिवस माल अडकलेल्या माणसाला ते पुन्हा पाठवू नका. त्याला लिहा, ‘वुई आर लुकिंग इन्टू इट अँड आय विल कॉल यू बाय फोर.’ तिथं ‘आय’ लिहायला घाबरू नका, आणि चारला फोन करा.

क्लासचं म्हणाल तर बारा हजार ठेवा बाजूला. त्या क्लासमध्ये ‘राम किल्ड रावण’चं पॅसिव्ह करून घेतील, तुमचं काम त्यानं अडलेलं नाही. त्याऐवजी रविवारी सकाळी पोहे खाऊन झाले की मोबाइलवर तुमच्याच पाठवलेल्या ईमेल उघडा, मागच्या दोन महिन्यांच्या. त्यात ‘वॉज’, ‘वेअर’, ‘बीन’, ‘बीइंग’ जिथं जिथं आलंय ती वाक्यं वहीत उतरवा. चाळीस-पन्नासच्या वर निघणार नाहीत, आणि क्रियापदं त्याहून कितीतरी कमी, कारण ऑफिसचं इंग्रजी त्याच त्याच पंधरा-वीस शब्दांवर चालतं: सेंट बॅक, हेल्ड अप, पिक्ड अप, हँडेड ओव्हर, पुट ऑफ, कॅरिड आउट, डेल्ट विथ. प्रत्येकाला आपलं मराठी लावा, जसं तुम्ही फोनवर बोलाल तसं. हेल्ड अप म्हणजे अडकवून ठेवला. सेंट बॅक म्हणजे परत पाठवून दिला. ‘ठेवला’, ‘दिला’, ‘टाकला’ ही जी शेपटं आपण लावतो, त्यांचं काम इंग्रजीतल्या छोट्या शब्दासारखंच आहे. ‘लाडू खाल्ले’ आणि ‘लाडू खाऊन टाकले’ यात घरातल्या डब्याची अवस्था वेगळी असते. ‘वेअर ईटन’ आणि ‘वेअर ईटन अप’ यातही तीच. ‘टाकले’ तुम्ही कधी विसरता का? मग ‘अप’ही विसरणार नाही. वही महिनाभर टेबलाच्या खणात ठेवा. अडलं तर मला लिहा, बारा हजार घेणार नाही.

राहता राहिला मुलगा. त्याला जेवताना सहज सांगा, ‘द बॉय टेक्स आफ्टर हिज मदर’ याचं पॅसिव्ह कर. म्हणजे मुलगा आईच्या वळणावर गेलाय. तो मोठ्या ऐटीत ‘हिज मदर इज टेकन आफ्टर बाय द बॉय’ म्हणेल, ‘आफ्टर’ही जागेवर ठेवेल, ‘बाय’ही ठेवेल. मग त्याला विचारा, मुलगा आईवर गेला म्हणून आईचं काय झालं? नागपूरसारखं आहे ते. पुढच्या पत्रात तो काय म्हणाला ते कळवा.